‘आवशीन बिगडवल्यान’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात एका आईचं चार ओळींचं पत्र छापलं होतं, की माझ्या मुलाला एडीएचडी आहे (म्हणजे लक्ष टिकवणं, स्वतःला थांबवणं त्याला इतरांपेक्षा कठीण जातं) आणि वाडीतल्या एकाही वाढदिवसाला त्याला बोलवत नाहीत. त्यावर इतकी पत्रं, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि एक-दोन चिडलेले ईमेल आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. काही पत्रं छोटी केलीत. गावांची नावं काढून फक्त तालुके ठेवलेत, कारण आपल्याकडे वाडीचं नाव घातलं की माणूस कोण ते ओळखायला दोन मिनिटं पण लागत नाहीत.

प्रश्न : ताई, मुलगा साडेसात वर्षांचा आहे. एका जागी बसत नाही, मधेच बोलतो, रांगेत ढकलतो, पण मनाने खूप चांगला आहे. गेल्या गणपतीत आरती चालू असताना त्याने माटवीचं (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगून बांधतात ती चौकट) कवंडळ, म्हणजे त्यातलं रानफळ, ओढलं आणि अर्धी माटवी खाली आली. मुंबईहून आलेल्या मोठ्या जावेने सगळ्यांसमोर सुनावलं, आवशीन लाड करून बिगडवल्यान, म्हणजे आईनेच बिघडवलं. सासूबाई म्हणतात देवाला कौल लावूया, काहीतरी बाहेरचं असणार. कोल्हापूरला दाखवलं तर डॉक्टर एडीएचडी म्हणाले. आता मिस्टर म्हणतात कोणाला सांगू नको, पोराला शिक्का बसेल. न सांगितलं तर मी वाईट आई, सांगितलं तर पोरगा वेडा. मी करू काय? (देवगड)

उत्तर : अगोदर एक सांगते, माटवी दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी पडते आणि बहुतेक वेळा ती बांधणाऱ्या काकांच्या गाठीमुळे पडते, त्यांना कोणी वळण विचारत नाही.

आता मुद्द्याचं. एडीएचडी आईच्या लाडाने होत नाही, मोबाईलने होत नाही आणि वडील मुंबईला असतात म्हणूनही होत नाही. जुळ्या मुलांवर जगभर जे अभ्यास झालेत त्यातून दिसतं की मुलामुलांत या बाबतीत जो फरक असतो त्यातला साधारण 70 ते 80 टक्के आनुवंशिकतेने येतो, म्हणजे उंचीसारखंच, घराण्यातून. (कधीतरी शांतपणे सासूबाईंना विचारा, मिस्टर लहानपणी कसे होते? मला अशा घरांत बरेचदा ‘अगो तो तर ह्याच्यापेक्षा द्वाड होता’ असं उत्तर ऐकायला मिळालंय, आणि मग समोर बसलेला बाप एकदम गप्प होतो.) अमेरिकेत 2007 साली मेंदूचे स्कॅन करून एक अभ्यास झाला, त्यात अशा मुलांच्या मेंदूचं वरचं आवरण वाढीचा जो टप्पा इतर मुलं साडेसात वर्षांच्या आसपास गाठतात तो साधारण साडेदहाला गाठताना दिसलं. सगळ्यात जास्त उशीर पुढच्या भागात होता, जो भाग थांबणं, वाट बघणं, आधी काय नंतर काय हे सांभाळतो. बुद्धी मागे असते असं अजिबात नाही. कवंडळ ओढायचं नाही हे तुमच्या मुलाला पाठ आहे, विचारलंत तर तोच सांगेल, पण हात निघायच्या आधी ते आठवणं त्याला अजून जमत नाही. जाऊबाईंना जी बेपर्वाई दिसते ती ही आहे.

कौलाबद्दल. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर खुशाल घाला, सासूबाईंच्या जिवाला बरं वाटेल आणि ते पण या घरात कमी महत्त्वाचं नाही. फक्त डॉक्टरची तारीख त्यासाठी पुढे ढकलायची नाही. आणि भगताकडे मात्र कोणीही कितीही सांगितलं तरी न्यायचं नाही. धुरी, चटका, उपास यातून मूल घाबरतं, आणि घाबरलेलं मूल चार दिवस शांत बसतं ते बघून लोकांना गुण आला असं वाटतं.

सांगायचं का? मिस्टरांची भीती खोटी नाही हो, पण शिक्का तर बसलाच आहे की, ‘द्वाड’, ‘वांड’, ‘आईने बिघडवलेला’, हे सगळे शिक्केच आहेत, फक्त डॉक्टरांनी दिलेले नाहीत. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. जे लोक रोज त्याच्यासोबत असतात त्यांना सांगा, आजी, काका, वर्गशिक्षक. लांबलचक नको, एकच वाक्य: त्याला थांबायला वेळ लागतो, डॉक्टरांचा इलाज चालू आहे, तुम्ही ओरडण्याऐवजी जवळ जाऊन हात धरा आणि एकच गोष्ट सांगा. माणसांना काय करायचं ते सांगितलं की माणसं बरी वागतात, निदान समजावण्यापेक्षा तरी ते जास्त चालतं.

आणि यंदाच्या गणपतीची तयारी आधीच करा. तासभर आरत्या चालणार आणि तो हात जोडून उभा राहणार हे होणार नाही, मग त्याच्या हातात झांज द्या. बेताल वाजवेल, चालेल, आपले काका पण बेतालच वाजवतात. दोन आरत्या झाल्या की प्रसादाची वाटी आणायला आत पाठवा, पंगतीत मीठ वाढायला द्या. माटवीपासून लांब, दरवाज्याजवळ उभा करा म्हणजे अंगणात एक चक्कर मारून परत येता येईल. या सगळ्याला कोणी लाड म्हणालं तर म्हणू द्या, माटवी वर राहिली की आपोआप गप्प होतील. स्वीकार स्वीकार म्हणतात तो माझ्या मते एवढाच असतो, पोर आहे तसं आहे हे धरून घरातली व्यवस्था बदलायची. नुसतं ‘आम्ही त्याला स्वीकारलंय’ म्हणून रोज तसंच ओरडत राहिलात तर पोराला काय उपयोग?

प्रश्न : तुमचा अंक वाचला. स्पष्टच लिहितो, राग मानू नये. आमच्या वेळी हे एडीएचडी वगैरे नव्हतं. शाळेत मास्तर दोन छड्या द्यायचे, घरी आल्यावर बाप दोन द्यायचा, पोरं सरळ व्हायची. हल्ली पोराने जरा मस्ती केली की डॉक्टर. नातवाला पण तेच नाव दिलंय. (निवृत्त, वय 74, गुहागर)

उत्तर : आजोबा, राग कसला, तुम्ही लिहिलंत तरी, बाकीचे मनात ठेवतात. पण आमच्या वेळी नव्हतं हे काही खरं नाही. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या मुलांच्या डॉक्टरांनी 1902 साली तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्यानं दिली त्यात हुशार असून स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचं वर्णन आहे. म्हणजे तुमच्या वडिलांच्या शाळेतसुद्धा ही मुलं होती. गंमत म्हणजे खुद्द स्टिलसाहेबांनी पण याला नैतिक संयमातला दोष म्हटलं होतं, तेव्हा आपल्या गावातल्या लोकांना एकट्यांना काय नावं ठेवायची! पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तकात नाव बदलत बदलत 1987 ला एडीएचडी झालं. नाव नवीन, पोरं जुनीच.

आणि ती पोरं सरळ व्हायची म्हणता, तर जरा आठवून बघा, तुमच्या चौथीच्या वर्गात जो रोज मार खायचा तो दहावीला तुमच्यासोबत होता का? बहुतेक नसेल. कोणी सातवीतून शाळा सोडून मामाच्या ओळखीने गिरणीत लागला, कोणी मुंबईत हॉटेलात, कोणी होडीवर. काहींचं उत्तम झालं, कारण समुद्रावर कोणी त्याला चाळीस मिनिटं बाकावर बसवत नव्हतं. काहींचं दारूत गेलं. शाळेने त्यांना सरळ केलं नाही, बाहेर काढलं, आणि मग ते आपल्याला दिसेनासे झाले.

छडीने त्या क्षणाला मूल थांबतं हे खरंय, पण पुढच्या वेळी आवरायची ताकद त्यातून येत नाही, मार खाल्ल्याचं तेवढं लक्षात राहतं. शिवाय आता 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत मारणंच नाही तर मानसिक छळ पण बंद केलाय, त्यामुळे ‘गाढवा, तुझं काही होणार नाही’ हे सुद्धा त्यात येतं.

एक मात्र तुमचं बरोबर आहे. प्रत्येक मस्तीखोर मूल एडीएचडीचं नसतं. वर्गात वयाने सगळ्यात लहान असलेल्या मुलांना हे लेबल जास्त लागतं असं बऱ्याच देशांत आढळलंय, बिचारी नुसती लहान असतात. म्हणून डॉक्टर एका भेटीत नाव देत नाहीत, द्यायला पण नको. लक्षणं सहा महिने तरी टिकलेली हवीत, बारा वर्षांच्या आधीपासून हवीत आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. नातवाच्या बाबतीत हे सगळं विचारलं होतं का एवढं सुनेला विचारा, पण आजोबा, खरंच विचारायला म्हणून विचारा, उलटतपासणी नको.

प्रश्न : मी जि. प. शाळेत दुसरीला शिकवते. दोन इयत्ता एकत्र आहेत. त्यातला एक मुलगा सतत उठतो, दुसऱ्यांच्या वह्या ओढतो. पालकसभेत दोन पालक उभे राहून म्हणाले, त्याला आमच्या मुलाशेजारी बसवू नका, नाहीतर आम्ही पोरं इंग्लिश मिडियमला घालू. पट आधीच कमी आहे. त्याची आई सभेत रडली. (लांजा)

उत्तर : पट हा शब्द वाचला आणि तुमची अडचण कळली. पोरं गेली की शाळाच धोक्यात, त्यामुळे ते दोन पालक धमकी देतायत हे तुम्हालाही कळतंय आणि त्यांनाही.

सभेत त्या मुलाचं नाव घेऊन चर्चा परत होऊ देऊ नका. ‘एका मुलाबद्दल सगळ्यांसमोर बोलणार नाही, तुमच्या मुलाला काय त्रास होतो ते मला एकट्याने सांगा’ एवढं ठाम म्हणा, पहिल्यांदा जड जातं. त्याला काय आहे, कुठे दाखवलंय हे आईच्या परवानगीशिवाय कोणालाच सांगायचं नाही, मुख्याध्यापक सोडून.

वर्गात त्याला पुढे, तुमच्या हाताच्या अंतरावर, खिडकी आणि दरवाजा पाठीमागे येईल असं बसवा. तो उठणारच आहे, तर उठायचं काम तुम्हीच द्या, फळा पुसणं, वह्या गोळा करणं, शेजारच्या वर्गात निरोप नेणं. एका वेळी एक सूचना. पाच गणितं एकदम देऊ नका, दोन द्या, दाखवायला बोलवा, मग दोन. बरोबर वागला की लगेच बोला, शनिवारी बोलून उपयोग नाही. आणि एक हात जोडून सांगते, शिक्षा म्हणून त्याची मधली सुट्टी काढून घेऊ नका. सगळ्या शाळांत हेच करतात आणि नेमकं त्या मुलाचं धावणं बंद होतं ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज असते, मग दुपारचे तास कोणी भोगायचे, तुम्हीच ना?

वाचन-लेखन पण खूप मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवा, दोन्ही एकत्र बऱ्याच मुलांत असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळं नाही, म्हणून पुढे परीक्षेच्या सवलती मिळवताना हा मुद्दा येतो. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत तपासणीला येते ना, दात-डोळे बघून जातात, त्यांच्या यादीत एडीएचडी पण आहे. आईशी बोलून ठेवा आणि त्यांना मुद्दाम हा मुलगा दाखवा.

प्रश्न : ताई मी अकरावीला आहे, मुलगी. रील्स बघताना एडीएचडीवाली लक्षणं सगळी मला लागू झाली. मी मस्ती अजिबात करत नाही, उलट हरवलेली असते, पुस्तक उघडून तासभर तेच पान, छत्री आत्तापर्यंत किती हरवल्या मोजलंच नाही. सातवीपर्यंत पहिला नंबर होता म्हणून आई म्हणते नाटकं करतेस. मैत्रिणीला सांगितलं तर ती हसत म्हणाली चल तुला रत्नागिरीला नेऊया. आता कोणाला सांगायची इच्छाच नाही. (कुडाळ)

उत्तर : तुझ्या मैत्रिणीचा जोक आपल्या अख्ख्या कोकणाचा जोक आहे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यात अशी सरकारी रुग्णालयं मोजून चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि हे, म्हणून आपल्याकडे ‘रत्नागिरीला न्या’ म्हणजे वेडा झाला असा अर्थ पिढ्यानपिढ्या चाललाय. त्या हसण्यापायी किती लोक डिप्रेशन घेऊन, झोप उडालेली घेऊन घरी बसून राहिले असतील देव जाणे. मला तो जोक कधीच आवडला नाही, आता छापून सांगते.

रील बघून नक्की करू नकोस, कारण छत्री विसरणं सगळ्यांनाच लागू होतं आणि झोप कमी, थायरॉईड, रक्त कमी, काळजी, यानेही असंच लक्ष उडतं. पण तुझं म्हणणं नाटक आहे असंही मला वाटत नाही. एडीएचडीचा एक प्रकार असाच असतो, बाहेरून शांत, आत सगळं विखुरलेलं, आणि मुलींमध्ये तो जास्त दिसतो. वर्गात कोणाला त्रास होत नाही म्हणून कोणी बघत नाही, नुसतं ‘वेंधळी आहे’ म्हणतात. हुशार मुली सातवी-आठवीपर्यंत हुशारीवर ओढून नेतात, मग विषय वाढले की कोसळतात आणि त्यांना वाटतं आपण आळशी झालो. पहिला नंबर होता म्हणून एडीएचडी नसणार हे आईचं गणित चुकीचं आहे, पण तिला असं तोंडावर म्हणू नकोस, तिला म्हण माझी पहिली-दुसरीची प्रगतीपुस्तकं शोधून दे. शेऱ्यात ‘लक्ष देत नाही’, ‘काम अपूर्ण’ दिसलं तर डॉक्टरांना त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

रत्नागिरीला जायची गरज नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून सुरुवात कर. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आणि मराठीत पण बोलतात. मैत्रिणींचं काय? ज्या हसल्या त्यांना परत समजवायला जायचं काम तुझं नाही. जी तुला ‘उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे’ म्हणून मेसेज करते ना, तिला सांग.

आणि कोणीतरी तुला मायकेल फेल्प्सचं उदाहरण देईलच, त्याला पण एडीएचडी होतं, ऑलिम्पिकची 23 सुवर्णपदकं. खरं आहे ते. पण मला हे उदाहरण पोरांच्या डोक्यावर मारलेलं आवडत नाही. तुला बारावी सुटायचीय, समुद्र पोहून जायचा नाहीये.

प्रश्न : डॉक्टरांनी मुलाच्या एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट लिहून दिलंय. आमच्या गावच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून असा चेहरा केला की मला चोरी केल्यासारखं वाटलं. म्हणाला हे नशेचं औषध आहे, पोराला कशाला देता. (मुलाचे वडील, श्रीवर्धन)

उत्तर : त्या मेडिकलवाल्याला अर्धंच माहीत आहे. हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये येतं, म्हणजे ते ठेवायला वेगळं लायसन्स लागतं आणि चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक दुकानदाराने जपून ठेवायची. म्हणून छोट्या दुकानांत नसतंच. नियम कडक आहेत कारण चुकीच्या हातात त्याचा गैरवापर होतो, पण तपासून, ठरलेल्या डोसमध्ये, मुलांना ते जगभर कित्येक दशकं देतायत. 1940 च्या दशकात शोध लागलेलं औषध आहे, नवीन प्रयोग नाही. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं हे होऊ शकतं, म्हणून वजन-उंची-बीपी बघत राहावं लागतं, सकाळची न्याहारी गोळीच्या आधी पोटभर द्या. नाहीच झेपलं तर अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखं दुसऱ्या जातीचं औषध असतं, त्याला गुण यायला काही आठवडे लागतात. सहा वर्षांखालच्या मुलांत मात्र आधी आईवडिलांना शिकवतात, गोळी नंतर. स्वतःच्या मनाने चालू-बंद करू नका आणि औषध कुठे मिळेल हे डॉक्टरांनाच विचारून घ्या म्हणजे त्या दुकानात परत जायला नको.

प्रश्न : साखर बंद केली, मासे वाढवले, ब्राह्मीचं तेल लावतो. जाईल का? (रोहा)

उत्तर : साखरेवर नीट प्रयोग झालेत, साखरेने मुलं जास्त चळवळी होतात असं निघालं नाही, तरी दातांसाठी कमीच बरी. मासे खा, आपल्याकडे ताजे मिळतात, पण इलाज म्हणून नको. तेलाने डोकं थंड वाटेल एवढंच. ‘जाईल का’ याचं उत्तर, काहींचं मोठेपणी बरंच कमी होतं, बऱ्याच जणांचं राहतं पण सांभाळता येतं.

प्रश्न : मागच्या अंकातलं पत्र वाचून मला राग आला. माझ्या मुलीच्या वर्गात असाच मुलगा आहे. ती दोनदा रडत घरी आली, एकदा ओठ फुटला होता. मी त्याला वाढदिवसाला बोलवलं नाही. मी काय वाईट बाई आहे का? सगळं समजून आम्हीच घ्यायचं? (मालवण)

उत्तर : नाही, वाईट नाही आहात. तुमच्या मुलीचा ओठ फुटला ही खरी गोष्ट आहे आणि निदान झालंय म्हणून ती खोटी होत नाही. तिला ‘तो आजारी आहे, तू सहन कर’ असं अजिबात सांगू नका, मुलींना तर आपण हे नाहीतरी लहानपणापासून फार सांगतो. तिला सांगा की ढकललं तर मोठ्याने ‘नको’ म्हण, बाजूला हो, बाईंना सांग, यात चुगली नाही. शाळेने जेवणाच्या रांगेत मोठं माणूस जवळ उभं केलं पाहिजे, ते तुम्ही मागा, कारण अशी मारामारी बहुतेक रांगेत आणि सुट्टीत होते, जिथे बघायला कोणी नसतं.

पण मुलाला काढा आणि रांगेवर लक्ष ठेवा, या दोन मागण्या वेगळ्या आहेत. दुसरी मागणी घेऊन गेलात तर त्याची आई पण तुमच्या सोबत उभी राहील, तिलाही तेच हवंय.

वाढदिवसाचं म्हणाल तर तीस पोरं, फुगे, डीजे आणि केकची वाट बघत दीड तास, यात तो टिकणार नाही, आणि खरं सांगायचं तर निम्मी पोरं टिकत नाहीत. तुमच्या मुलीला विचारा, तिला तो हवाय का. नको म्हणाली तर विषय संपला, जबरदस्तीची मैत्री नको. हो म्हणाली तर एखाद्या रविवारी सकाळी त्याला आणि त्याच्या आईला तासाभरासाठी किनाऱ्यावर बोलवा. ओहोटी बघून जा, वाळू मोकळी असते, पळायला जागा असते, ढकलायला रांग नसते. तास झाला की मजा चालू असतानाच उठा, दोघं दमायच्या आधी. आणि त्याच्या आईला येताना काही आणू नका म्हणून सांगा, नाहीतर ती बिचारी आदल्या रात्री जागून लाडू करत बसेल.